थायरॉईडच्या तपासणीपूर्वी: फॉर्मवरील तंबाखूच्या रकान्याविषयी

राजारामपुरीतील आमच्या लॅबमध्ये थायरॉईडच्या फॉर्मवर 'सिगारेट, विडी, तंबाखू, मशेरी' असा एक रकाना आहे. बहुतेक ग्राहक तो रिकामा सोडतात, किंवा घरचे माणूस शेजारी उभे असल्यामुळे 'नाही' लिहून मोकळे होतात. हा रकाना आपली झडती घेण्यासाठी नाही, तर अहवालाचा अर्थ लावण्यासाठी आहे.

'सकाळी एक सिगारेट झाली आहे, आता रक्त दिले तर चालेल का?' असे रोज विचारले जाते. चालेल, एका सिगारेटसाठी तपासणी पुढे ढकलू नये. रोजच्या सवयीचे मात्र वेगळे आहे. नियमित धूम्रपान करणाऱ्यांचा टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारे संप्रेरक; थायरॉईड मंदावला की याचा आकडा वाढतो) इतरांपेक्षा सरासरीने थोडा कमी आढळतो. उलट धुरातील सायनाइडपासून शरीरात तयार होणारे थायोसायनेट थायरॉईड ग्रंथीत तिच्या कामाला लागणारे आयोडीन शिरण्यास अडथळा करते. मशेरीला धूर नसतो, पण निकोटीनने छाती धडधडते, हात थरथरतात आणि थायरॉईड वाढल्यासारखे वाटते, म्हणून मशेरीही लिहावी.

आमचा खरा वेळ जातो तो सवय नुकतीच सोडलेल्यांपायी. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ दोन अहवाल काउंटरवर शेजारी शेजारी मांडून उभे राहिले. जुन्यात टीएसएच १.९, नव्यात ५.८, आणि आमचे मशीन बिघडले असल्याची त्यांची खात्री. आम्ही तोच नमुना पुन्हा लावला, आकडा जवळजवळ तोच आला, आणि बऱ्याच वेळाने कळले की वीस वर्षांची सिगारेट त्यांनी चार महिन्यांपूर्वी सोडली होती आणि रकान्यात फक्त 'नाही' लिहिले होते. सिगारेट सोडल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत थायरॉईड मंदावण्याचे प्रमाण काहीसे वाढलेले दिसते. शिवाय वजन वाढणे, बद्धकोष्ठता, चिडचिड या तक्रारी नुसत्या सिगारेट सोडण्यानेही होतात. त्यामुळे डॉक्टरांना सोडल्याचा महिना ठाऊक असणे आवश्यक आहे.

'मग ओढत राहिलेलेच बरे' असे कोणी म्हणू नये, आणि काउंटरवर तसे म्हणणारे भेटतातही. ग्रेव्हज या थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करू लागण्याच्या आजारात डोळे बाहेर येण्याचा त्रास धूम्रपान करणाऱ्यांना कितीतरी अधिक होतो आणि त्यांच्यावर उपचारही कमी लागू पडतात.

घरच्यांसमोर लिहिणे अवघड वाटत असेल तर रक्त घेताना आमच्या तंत्रज्ञाला हळूच सांगावे, ती नोंद फक्त डॉक्टरांकडे जाणाऱ्या प्रतीवर होते. टीएसएच रात्री व पहाटे चढलेला आणि दुपारी उतरलेला असतो, म्हणून फेरतपासणीला पूर्वीच्याच वेळी यावे आणि थायरॉईडची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. शहरात सकाळी ७ ते ९ या वेळेत आम्ही घरी येऊन नमुना घेतो, आणि आमच्याकडील जुने आकडे नव्या अहवालावर शेजारीच छापून देतो; त्याचे वेगळे पैसे घेत नाही.