स्विमिंग पूल रिकामा करायचाय? अर्जाआधी पाणी कुठे जाणार ते ठरवा

पूलचं पाणी बदलायचं ठरलं की पंपाची चौकशी सुरू होते. पण परवानगी देणारं कार्यालय पंपाबद्दल नंतर विचारतं. त्यांचा पहिला प्रश्न असतो, पाणी सोडणार कुठे? याचं उत्तर पक्कं झालं की अर्ज कोणाकडे द्यायचा, कागद कोणते जोडायचे आणि पाण्याची कोणती तपासणी लागेल, हे बरंचसं त्यावरूनच ठरतं.

रस्त्याकडेची जाळी आणि मलवाहिनीचं चेंबर, दोन्ही शेवटी "गटार"च, असं समजून घोटाळा होतो. मलवाहिनीतलं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. पावसाळी गटार मात्र बऱ्याच ठिकाणी थेट ओढ्यात, नदीत किंवा समुद्रात उघडतं, मध्ये कोणतीही प्रक्रिया होत नाही. काही जुन्या शहरांत दोन्ही पाणी एकाच वाहिनीतून जातं, म्हणून अंदाज न बांधता ड्रेनेजचा नकाशा मागून पाहावा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी क्लोरीनची जी पातळी ठरवली आहे, ती थोड्या वेळाच्या संपर्कासाठीसुद्धा लिटरमागे फक्त ०.०१९ मिलिग्रॅम आहे. पोहण्याच्या पाण्यात साधारण १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन ठेवतात, म्हणजे पन्नास ते दीडशे पट. माशांच्या कल्ल्यांना एवढा क्लोरीन सोसत नाही. नियम कडक का आहेत, हे या दोन आकड्यांवरून कळतं.

अर्ज कोण करू शकतं

अर्ज जागेच्या मालकाच्या नावाने जातो. भाडेकरू असाल तर मालकाचं संमतीपत्र जोडावं लागतं. सोसायटीचा पूल असेल तर कार्यकारिणीचा ठराव आणि सही करणाऱ्याला दिलेला अधिकार लागतो. साफसफाईचा ठेकेदार कागद भरून देईल, पण जबाबदारी मालकाचीच राहते, म्हणून त्याने भरलेला अर्ज वाचल्याशिवाय सही करू नका. हॉटेल, क्लब, शाळा यांच्या पूलना सांडपाण्याचा परवाना आधीच असेल तर त्यातल्या अटी पाहा, पाणी सोडण्याची पूर्वसूचना त्यातच मागितलेली असू शकते. मुलांच्या छोट्या फुगवायच्या पूलसाठी सहसा अर्ज लागत नाही. पण त्यातही क्लोरीन घातला असेल तर ते पाणी पावसाळी गटारात ओतायचं नाही.

कागदपत्रं

ओळखपत्र, जागेच्या मालकीचा पुरावा, पूल आणि पाणी सोडण्याची जागा दाखवणारा साधा नकाशा, पाण्याचं एकूण माप, पाणी सोडण्याचा वेग, तारीख-वेळ आणि तपासणीचे आकडे. एवढं तयार असलं की अर्जाचं बरंचसं काम झालं. यातल्या मापापाशी बरेचजण अडतात, पण हिशोब सोपा आहे. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पूलमध्ये ७५ घनमीटर, म्हणजे ७५,००० लिटर पाणी मावतं. मिनिटाला २०० लिटर सोडलं तर सव्वासहा तास लागतात. वेग अर्जात स्पष्ट लिहा. कारण मलवाहिनीत एकदम पाणी ढकललं तर ते खालच्या घरांच्या संडासातून उलटं वर येऊ शकतं, आणि त्याचा त्रास ज्याने पूल कधी वापरलाही नाही अशा माणसाला होतो. मंजुरीत म्हणूनच वेगाची मर्यादा घातलेली असते आणि पावसाच्या दिवशी पाणी सोडायला मनाई असते.

क्लोरीनची तपासणी

अर्जातल्या सगळ्यात महत्त्वाच्या आकड्यात चूक होते ती इथे. पाणी पावसाळी गटारात सोडायला जिथे परवानगी मिळते, तिथे एकूण क्लोरीन लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा कमी किंवा तपासणीत शून्य असावा, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. सामूचीही (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) मर्यादा दिलेली असते. "एकूण" या शब्दाकडे लक्ष द्या. क्लोरीन तपासायच्या किटमधली पहिली डीपीडी गोळी (पाण्याला रंग आणणारी) फक्त मोकळा क्लोरीन दाखवते. घाम-मूत्रातल्या घटकांशी जोडला गेलेला क्लोरीन त्यात दिसत नाही आणि तोही माशांना घातकच असतो. नमुन्यात दुसरी गोळी टाकली की मगच एकूण आकडा मिळतो.

आणखी एक फसगत आहे. डीपीडी गोळी टाकल्यावर पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन आहे, रंगहीन राहिलं तर नाही, असं आपण धरतो. पण क्लोरीन खूपच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर चमकून उडून जातो आणि नमुना अगदी शून्यासारखा दिसतो. शंका आली तर नमुन्यात क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून पुन्हा तपासा. पातळ केल्यावर रंग टिकला, तर आधीचं शून्य खोटं होतं.

क्लोरीन घालवायला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे क्लोरीन टाकणं थांबवायचं आणि पूल उन्हात उघडा ठेवायचा. सायन्युरिक ॲसिड वापरत असाल तर ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, त्यामुळे बरेच दिवस लागतात. अर्जातली तारीख त्या हिशोबाने द्या. क्लोरीन निकामी करणाऱ्या सोडियम थायोसल्फेटने काम लवकर होतं, पण मापातच टाका.

मिठापासून क्लोरीन तयार करणाऱ्या यंत्रावर चालणाऱ्या पूलची गोष्ट वेगळी. क्लोरीन गेला तरी लिटरमागे ३,००० मिलिग्रॅमच्या आसपास मीठ राहतं, म्हणून ते पाणी बागेला किंवा ओढ्याला देऊ नये. शेवाळासाठी तांब्याचं औषध टाकलं असेल तर तेही अर्जात लिहा. फिल्टर उलटा धुतल्यावर निघणारं गढूळ पाणी आणि ॲसिडने फरशी धुतलेलं पाणी हे पूलच्या पाण्याच्या मंजुरीत बसत नाही, त्यासाठी वेगळं विचारावं लागतं. सेप्टिक टँकमध्ये यातलं काहीच सोडू नका, क्लोरीनने तिथले जीवाणू मरतात आणि एवढ्या पाण्याने टाकी भरून वाहते.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांकाची पोच घ्या. पाणी सोडण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा तपासणी करा, आकडा आणि वेळ लिहून ठेवा, किटचा फोटो काढा. तपासणीला कोणी आलं तर आठवड्यापूर्वीचा आकडा चालत नाही.

पूल पुन्हा भरायला वेगळी परवानगी लागते का, हेही पहिल्याच खेपेला विचारा. पाणीटंचाईत ती मिळायला वेळ लागू शकतो, आणि भूजल वर असलेल्या जागी रिकाम्या पूलला खालून रेटा बसून आख्खी टाकी उचलली जाते किंवा तडकते. तुमच्याकडे भूजल वर असेल तर भरण्याची परवानगी हातात पडेपर्यंत पंप सुरू करू नका.