हायकोर्टाने निर्दोष सुटका फिरवली? सुप्रीम कोर्टात थेट अपील कोणाला, कागद कोणते

सेशन कोर्टाने निर्दोष सोडलं, सरकार अपिलात गेलं आणि हायकोर्टाने निकाल फिरवून शिक्षा ठोठावली, की घरचे आधी विचारतात, सुप्रीम कोर्ट आपली केस घेईल का? शिक्षा फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं आणि त्यावर असेल तर घ्यावीच लागते, अपील हा हक्क आहे. मूळ घटनेच्या कलम १३४ मध्ये हा हक्क फाशीपुरताच होता, पण त्याच कलमात संसदेला कायदा करून तो वाढवायची मुभा होती, ती वापरून १९७० साली कायदा झाला आणि जन्मठेप, १० वर्षंवालेही त्यात आले. (हे फक्त संसदच करू शकते, विधानसभा नाही.)

गोची इथे होते. दोन्ही कोर्टांनी दोषी धरलं असेल तर हा हक्क नाही, अगदी फाशी कायम झाली तरी नाही, तेव्हा घटनेच्या कलम १३६ खाली एसएलपी (अपिलाची खास परवानगी मागणारा अर्ज) टाकायची आणि ती ऐकायची की नाही हे कोर्ट ठरवणार. मला हे आजही अजब वाटतं. पण सेशनने खुनातून सोडून सदोष मनुष्यवधात शिक्षा दिली आणि हायकोर्टाने खून धरून फाशी दिली तर? महाराष्ट्रातल्याच अशा केसमध्ये १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती सुटका फिरवणंच मानलं, त्यामुळे चार्जवाइज निकाल नीट वाचा.

मुदत अपिलाला ६० दिवस, एसएलपीला ९० (फाशीच्या केसमध्ये ६०), सर्टिफाइड कॉपी मिळायला गेलेला वेळ वजा होतो म्हणून कॉपीचा अर्ज लगेच टाका. उशीर झालाच तर माफीचा अर्ज कारणासकट जोडायचा.

कागद: हायकोर्टाच्या निकालाची सर्टिफाइड कॉपी, सेशनचा निकाल, वकालतनामा (आरोपी आत असेल तर जेलमधून सही करून आणायचा), आणि सरेंडर केल्याचा पुरावा, नसेल तर त्यातून सूट मागणारा अर्ज. एफआयआर, पंचनामा, साक्षी मराठीत असतात, त्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं, यातच दिवस जातात. फाइलिंग फक्त अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्डच (सुप्रीम कोर्टात तशी नोंदणी असलेला वकील) करतो, गावचा वकील कितीही हुशार असला तरी नाही.

पैसे नसतील तर जेल अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येतं, सुप्रीम कोर्ट विधी सेवा समिती वकील देते. तिथे उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५ लाख आहे, पण महिला, एससी-एसटी आणि कस्टडीतल्या माणसाला ती अट नाही, त्यामुळे आरोपी आत असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे घालू नका.