बंदुकीचं दुकान ‘अत्यावश्यक’ कसं ठरलं

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे अमेरिकेतली राज्यं एकामागून एक बंद होऊ लागली आणि बंदुकांची दुकानं उघडी ठेवायची की नाही यावरून रण पेटलं. दूध, किराणा, औषधं यांच्या पंगतीत बंदूक कशी काय बसते, असं आपल्याला वाटणं साहजिक आहे. या वादाचं मूळ मात्र 1963 मधल्या एका मनीऑर्डरीत सापडतं.

त्या वर्षी मार्चमध्ये ली हार्वी ऑस्वाल्डने मासिकातलं कूपन भरलं, सोबत मनीऑर्डर जोडली आणि खोट्या नावाने शिकागोच्या एका दुकानातून टपालाने रायफल मागवली. टपालखर्चासह किंमत 21 डॉलर 45 सेंट. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींची हत्या झाली ती याच रायफलीने. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि केनेडींचे भाऊ रॉबर्ट यांचेही खून झाले, तेव्हा कुठे बंदूक नियंत्रण कायदा झाला. दुसऱ्या राज्यातून टपालाने थेट घरी बंदूक मागवण्याची सोय संपली. ती परवानाधारक दुकानदाराकडूनच घ्यायची, असं ठरलं. 1993 च्या ब्रेडी कायद्याने गिऱ्हाइकाच्या गुन्हेगारी इतिहासाची तपासणी आली आणि नोव्हेंबर 1998 पासून एफबीआयची यंत्रणा ती करू लागली. कॅलिफोर्निया आणखी पुढे गेलं. तिथे दोन खासगी व्यक्तींमधला व्यवहारसुद्धा सहसा दुकानदारामार्फतच करावा लागतो आणि जुलै 2019 पासून काडतुसांसाठीही तपासणी लागते.

म्हणजे नियंत्रण हवं असणाऱ्यांनीच पन्नास वर्षं खपून बाकीच्या वाटा बुजवल्या आणि सगळी रहदारी दुकानाच्या काउंटरवर आणली. पुस्तकांचं दुकान बंद झालं तर पुस्तक कुरिअरने येतं. बंदुकीचं तसं नाही. ती ऑनलाइन मागवली तरी ताब्यात घ्यायला दुकानातच जावं लागतं. त्यामुळे दुकानांना टाळं लावणं म्हणजे नव्या खरेदीवर जवळजवळ बंदीच, या युक्तिवादात दम होता. बंदुकीचं प्रेम नसलेल्यांनाही तो सहज उडवून लावता येत नव्हता.

बंदूकवाल्यांच्या मनात आणखी एक जुनी जखम होती. 2005 मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये पोलिसांनी सर्वसामान्यांची हत्यारं जप्त केली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, आपत्तीच्या काळात अशा जप्तीला मनाई करणारा कायदा केला, अनेक राज्यांनी त्याची री ओढली. ‘आणीबाणी आली की सरकार आधी बंदुकीवर हात टाकतं’ हा समज तेव्हापासून घट्ट झाला. 2008 च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क असल्याचं मान्य केलं. सरकारांच्या बाजूलाही जुना आधार होता. देवीच्या लसीची सक्ती वैध ठरवणाऱ्या 1905 च्या जेकबसन निकालानुसार, साथीत सार्वजनिक आरोग्यासाठी राज्याला व्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी बंधनं घालता येतात.

मार्च 2020 मध्ये हे सगळं एकमेकांवर आदळलं. त्या एका महिन्यात एफबीआयकडे सुमारे 37 लाख तपासण्यांची नोंद झाली, तोवरचा उच्चांक. (प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे, पण कल कळतो.) आशियाई वंशाचे अमेरिकी लोकही वंशद्वेषी हल्ल्यांच्या भीतीने खरेदीला येत होते. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानं बंदच ठेवू दिली, पण न्यायमूर्ती डेव्हिड वेक्ट यांनी असहमती नोंदवताना वरचाच काउंटरचा मुद्दा मांडला. दोनच दिवसांत राज्याचे गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी आधी वेळ ठरवून येणाऱ्यांसाठी मुभा दिली. लॉस एंजेलिस काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) शेरीफ, अर्थात पोलीसप्रमुख, अॅलेक्स व्हिलानुएवा यांचा खाक्या वेगळा. 24 मार्चला दुकानं बंद, मग आदेशाला स्थगिती, 26 ला पुन्हा बंद, 30 ला उघडी. मधल्या काळात कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी निर्णय शेरीफांवर ढकलला होता.

तराजू झुकला तो 28 मार्चला. केंद्रीय गृहसुरक्षा खात्याच्या एका संस्थेने अत्यावश्यक कामगारांची सुधारित यादी काढली आणि तीत बंदुका-काडतुसांचे उत्पादक, दुकानं आणि नेमबाजीची मैदानं यांचा समावेश केला. यादी केवळ सल्लावजा होती, पण राज्यांना माघारीसाठी तेवढं निमित्त पुरलं. 31 मार्चला न्यू जर्सीनेही वेळ ठरवून विक्रीला परवानगी दिली. मॅसॅच्युसेट्सने या यादीला जुमानलं नाही. तिथे मे महिन्यात संघीय न्यायाधीशांच्या आदेशानंतरच कुलुपं निघाली.

कॅलिफोर्नियाच्या व्हेंचुरा काउंटीत दुकानं 48 दिवस बंद होती. सायकलींची दुकानं उघडी असताना बंदुकांचीच बंद का, असा प्रश्न करत जानेवारी 2022 मध्ये नवव्या संघीय अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हॅनडाइक यांनी सोबत एक खोचक जोडनिकालही (सहमतीचं वेगळं मत) लिहिला. याच न्यायालयाचं मोठं पीठ हा निकाल उलटवणारच, तर त्यांच्या सोयीसाठी मसुदा मीच देतो, असा त्याचा सूर. मार्चमध्ये प्रकरण खरोखरच मोठ्या पीठाकडे गेलं. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात बंदूकविषयक निर्बंध इतिहास आणि परंपरेच्या कसोटीवर तपासायला सांगितलं आणि मोठ्या पीठाने मूळ मुद्द्यावर काहीच न ठरवता व्हेंचुराचं प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवलं. तोवर दुकानं उघडून दोन वर्षं झाली होती.