कन्स्ट्रेंट मॉडेलिंग भाषा

उत्तर कसे शोधायचे हे न सांगता, उत्तर कसे असायला हवे एवढेच संगणकाला सांगता यावे म्हणून घडवलेल्या उच्चस्तरीय भाषा. या भाषांत प्रश्न मांडताना चले (ज्यांच्या किमती शोधायच्या ती अज्ञाते), प्रत्येक चलाला घेता येणाऱ्या किमती (म्हणजे त्याचा प्रांत) आणि त्या किमतींवरच्या अटी (कन्स्ट्रेंट) लिहितात. शोधाचे काम ‘सॉल्व्हर’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो.

मुंबईतले सोयीचे उदाहरण घेऊ. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लोकलसाठी १ ते ७ हे फलाट आहेत. त्यांतले १ आणि २ हार्बरचे, बाकीचे मेन लाइनचे. प्रत्येक लोकलचा फलाट हे एक चल. मेन लाइनच्या लोकलचा प्रांत ३ ते ७. अट अशी, की एकाच वेळी उभ्या असणाऱ्या दोन लोकलना एक फलाट देता येणार नाही. (गाडी टर्मिनसच्या तोंडाशी सिग्नलला अडकली, की ही अट दारातल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही.)

आता मेन लाइनच्या सहा लोकल एकाच वेळी उभ्या करायच्या आहेत असे समजा. फलाट पाचच, तेव्हा उत्तर नाही, हे आपल्याला बघताक्षणी कळते. पण ‘ही आणि ती वेगळ्या फलाटावर’ अशा १५ जोड्या लिहिल्या, तर अडले की मागे फिरून दुसरा पर्याय बघणारी साधी पद्धत पहिल्या पाच लोकल १२० तऱ्हांनी लावून बघते आणि दर वेळी सहावीपाशी अडते. त्याऐवजी ‘ऑलडिफरंट’ (सगळ्यांच्या किमती वेगळ्या) ही एकच अट लिहिली, की सहाही लोकल एकत्र विचारात घेतल्या जातात आणि शोध सुरू होण्याआधीच नकार मिळतो. त्यासाठीची कार्यक्षम रीत जाँ-शार्ल रेजँ यांनी १९९४ मध्ये मांडली. अशा अटींना ‘ग्लोबल कन्स्ट्रेंट’ म्हणतात, आणि या भाषांची खरी कमाई तीच आहे. ‘फक्त काय ते सांगा’ हे त्यामुळे अर्धेच खरे: तेच म्हणणे कोणत्या शब्दांत मांडले यावर काम क्षणात होते की रात्रभर चालते, हे ठरते.

जाँ-लुई लोरिएर यांची ॲलिस (१९७८) ही या वाटेवरची आरंभीची प्रणाली. पुढे म्युनिकच्या संशोधन केंद्रात ‘चिप’ या भाषेने प्रोलॉग या तर्कावर आधारलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेला सान्त (मोजक्या किमतींच्या) प्रांतांची जोड दिली. पास्कल व्हॅन हेन्टेनरिक यांच्या ओपीएल या भाषेने गणिती नियोजनाच्या एएमपीएल भाषेची संच आणि निर्देशांक वापरून लिहिण्याची ढब घेतली. २००७ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांच्या पुढाकाराने मिनिझिंक ही भाषा आली. तिच्यातले मॉडेल (म्हणजे मांडलेला प्रश्न) आधी ‘फ्लॅटझिंक’ या सपाट रूपात उतरते, म्हणून तेच लिखाण गेकोड, चफ्ड अशा निरनिराळ्या सॉल्व्हरना देता येते. एसेन्स ही भाषा आणखी वरच्या पातळीवर जाते: तिच्यात चलाची किंमत आख्खा संच किंवा एखादी विभागणीही असू शकते, आणि तिचे खालच्या पातळीवरचे मॉडेल ‘कॉन्ज्यूर’ हे साधन तयार करते.