टॉवरला घाबरायचं की फोनला?

गच्चीवर मोबाइल टॉवर बसणार म्हटलं की विरोधाची बैठक ठरते, आणि ती ठरते फोनवरच, तोही कानाला चिकटवून. दोन्हीकडे रेडिओ लहरीच असतात. पण अंगात किती शिरतात, याचं गणित अगदी वेगळं.

टॉवरच्या अँटेनाला वीस-चाळीस वॉट दिलेले असतात, ४जी फोन सहसा फार तर ०.२ वॉट सोडतो. एवढंच पाहिलं तर टॉवर राक्षस. मात्र अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. टॉवर पन्नास मीटरवर, फोन कवटीला टेकलेला. शिवाय अँटेनाचा झोत टॉर्चसारखा समोर जातो, पायथ्याशी फारसा पडत नाही. म्हणून मापंही दोन. टॉवरसाठी चौरस मीटरला किती वॉट, आणि फोनसाठी शरीराच्या किलोमागे किती वॉट शोषले, म्हणजे 'एसएआर'. अमेरिकेत फोनची मर्यादा १.६ आहे, युरोपात २. पण ऊतकाच्या किती ग्रॅमवर सरासरी काढायची हेही तिथे वेगळं, त्यामुळे आकडे थेट ताडून पाहू नयेत.

खरी गंमत पुढे आहे. लिफ्टमध्ये रेंजची एकच दांडी उरली की फोन पूर्ण ताकदीनं ओरडतो. रेंज भरपूर असेल तर तोच फोन त्याच्या किरकोळ अंशावर भागवतो. म्हणजे टॉवर हटवला तर डोक्यात शिरणाऱ्या लहरी उलट वाढू शकतात. (लांबलेल्या कॉलमध्ये कान गरम होतो तो मुख्यतः बॅटरी आणि प्रोसेसरमुळे.)

आता अपायाचं. क्ष-किरण अणूतून इलेक्ट्रॉन उडवतात आणि त्यातून पेशींना इजा होते; त्याला साधारण दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं अतिसूक्ष्म माप) लागतात. फोनच्या २ गिगाहर्ट्झच्या लहरीतल्या ऊर्जेच्या एका कणात त्याचा दहा लाखावा भागही नसतो. सिद्ध झालेला परिणाम एकच, ऊतक तापणं, आणि मर्यादा त्याच्या बऱ्याच खाली ठेवल्या आहेत. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं या लहरी '२ बी' गटात टाकल्या, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक'. त्याला मुख्य आधार होता कानाला फोन लावणाऱ्यांच्या अभ्यासांचा. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात मात्र फोन आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

टॉवरपासून खरंच जपायचं ते अँटेनाच्या ऐन समोर काम करणाऱ्या तंत्रज्ञानं. तिथे हात घालण्याआधी ती अँटेना बंद करून घेतात किंवा तिची ताकद उतरवतात.