बंगालच्या पाण्याची प्रदक्षिणा

डिसेंबरात गोव्याच्या किनाऱ्यासमोर वारा साधारण उत्तरेकडून येतो. किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह मात्र त्याला न जुमानता उत्तरेकडेच चढत असतो. केरळसमोर तो सुमारे ४०० किलोमीटर रुंद आणि २०० मीटर खोल असतो. गुजरातपर्यंत जाता जाता तो १०० किलोमीटरपर्यंत आक्रसतो आणि ४०० मीटर खोल होतो. वाऱ्याच्या विरुद्ध हे पाणी चालते कसे? गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात या प्रश्नाचा पाठपुरावा केला. उत्तराचा मोठा भाग सापडला तो देशाच्या दुसऱ्या बाजूला, बंगालच्या उपसागरात.

पश्चिमेचा अरबी समुद्र आणि पूर्वेचा हा उपसागर, दोन्ही एकाच अक्षांशांवरचे, पण स्वभावाने अगदी वेगळे. उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा अशा नद्या रित्या होतात आणि वर पाऊसही भरपूर. अरबी समुद्रात पावसापेक्षा वाफ जास्त होते, शिवाय तांबड्या समुद्राचे आणि इराणच्या आखाताचे खारट पाणी खोलवरून येऊन मिसळते. त्यामुळे अरबी समुद्रात एक किलो पाण्यात ३६ ग्रॅमच्या आसपास क्षार मिळतात, तर उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर ३० ग्रॅमपेक्षाही कमी. किलोमागे एक ग्रॅम क्षार वाढला की घनमीटरभर पाणी सुमारे पाऊण किलोने जड होते. तेवढेच जड व्हायला उष्ण समुद्राचे पाणी अडीच अंशांनी थंड व्हावे लागेल. म्हणजे आपल्या भागात वरच्या थरात कोणते पाणी वर तरंगणार आणि कोणते खाली बुडणार, हे बऱ्याचदा मीठच ठरवते.

हे घरी पाहता येते. पारदर्शक डब्यात एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. दुसऱ्या पेल्यात २०० मिलिलिटर पाण्यात ७ ग्रॅम मीठ आणि खायच्या रंगाचे दोन थेंब घाला. दोन्ही पाणी तासभर शेजारी ठेवून एकाच तापमानाला येऊ द्या. मग रंगीत पाणी डब्याच्या कडेने चमच्यावरून हळू सोडा. ते भिंतीवरून घसरत तळाशी जाऊन पसरते. उंचावरून ओतले तर सगळे गढूळ होईल. आणि रंगीत पाणी पंधराएक अंशांनी गरम असेल तर ते बुडण्याऐवजी वर तरंगेल, कारण उष्णतेने आलेला हलकेपणा मिठाच्या जडपणावर मात करतो.

पावसाळा सरला की उपसागरातले हे हलके पाणी पूर्व किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे निघते. हलके असल्यामुळे किनाऱ्यालगत त्याची पातळी किंचित उंच राहते. उत्तर गोलार्धात पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रवाह उंच पाणी उजव्या हाताला ठेवून वाहतो, म्हणून किनाराही उजवीकडेच राहतो. श्रीलंकेला वळसा घालून हे पाणी अरबी समुद्रात शिरते, उत्तरेकडे वळते आणि तिथेही किनारा उजव्याच हाताला. देवळात देव उजव्या हाताला ठेवून आपण चालतो, अगदी तशीच ही प्रदक्षिणा. भारत आणि श्रीलंकेच्या मधून जवळची वाट दिसते खरी, पण रामसेतूवर पाणी काही ठिकाणी एक-दोन मीटरच खोल आहे, त्यामुळे मोठा प्रवाह तिथून जाऊच शकत नाही.

पाण्याच्या आधी त्याचा धक्का पोचतो. उपसागरातल्या वाऱ्यांनी उठलेले किनारी तरंग दिवसाला सुमारे २०० किलोमीटर धावतात आणि काही आठवड्यांत पश्चिम किनाऱ्याची पातळी बदलतात. दक्षिणेकडे पातळी थोडी उंच, उत्तरेकडे थोडी खाली, अशा उतारावरून प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध सरकतो. पाण्याचा गोडसरपणा केरळ-कर्नाटकासमोर ठळक असतो. गोव्याच्या पुढे अरबी पाणी मिसळत गेल्याने तो पुसट होतो.

उन्हाळ्यात या पाण्याचा आणखी एक परिणाम दिसतो. हलका थर वर असल्याने खालचे थंड पाणी सहज वर येत नाही, ऊन वरच्या पातळ थरातच साठते आणि एप्रिल-मेमध्ये केरळ-लक्षद्वीप भागात समुद्राचे तापमान ३० अंशांच्या वर जाते. मॉन्सून तिथूनच आत येतो.

मग वारे उलटतात आणि देवघेवही. जून ते सप्टेंबरमध्ये श्रीलंकेच्या दक्षिणेकडून अरबी समुद्राचे खारट पाणी पूर्वेकडे जाते, ईशान्येला वळून उपसागरात शिरते आणि तिथल्या हलक्या पाण्याखाली बुडते. २०१६ च्या पावसाळ्यात 'सिंधु साधना' जहाजावरून आणि पाण्याखाली तरंगत जाणाऱ्या ग्लायडरांच्या मदतीने भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हे खारट पाणी मोजले. ही भरपाई झाली नाही, तर नद्यांचे पाणी उपसागराला वर्षागणिक अधिक गोडे करत जाईल.

मोजमापात चूक होणे सोपे आहे. क्षारता, म्हणजे किलोभर पाण्यात किती ग्रॅम क्षार, ही थेट मोजत नाहीत. पाण्याची विद्युतवाहकता आणि तापमान यांवरून ती काढतात. तापमान ०.१ अंशाने चुकले तरी क्षारता सुमारे ०.०७ ने चुकते. उपकरण खाली उतरताना थंड थरात शिरले की दोन संवेदक एकाच क्षणी प्रतिसाद देत नाहीत आणि आलेखात खोटे काटे उमटतात. म्हणून ठरावीक खोलीवरून बाटल्यांत पाणी भरून आणतात आणि प्रयोगशाळेत ताडून पाहतात. खोल समुद्रात आर्गो फ्लोट नावाची आपोआप वर-खाली होणारी उपकरणे एक हजार मीटरवर तरंगत राहतात, दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरून मोजत वर येतात, पण किनारी उथळ भागात त्यांचा उपयोग नाही. तिथे तळाला वजन बांधून दोरावर प्रवाहमापक उभे करावे लागतात. त्यांची नोंद वर्षभर आतच साठते. मध्येच एखाद्या ट्रॉलरच्या जाळ्यात दोर अडकून तुटला, तर उपकरणासोबत ती सगळी नोंदही जाते.