राजापूरचं बंदर : गलबतं नेमकी गेली कुठे?

पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरच्या जवाहर चौकात पाणी शिरलं की दोन दिवस सगळे अर्जुना-कोदवली नद्यांच्या गाळावर बोलतात, पण हाच गाळ आधी एक अख्खं बंदर गिळून बसलाय हे फारसं कुणी काढत नाही, म्हणून थोडं मागचं लिहितो.

राजापूर समुद्रावर नाही, साधारण 15 मैल आत, जिथे भरतीचं पाणी संपतं तिथे आहे. आज हे विचित्र वाटतं पण तेव्हा तोच फायदा होता. मागे अणुस्कुरा घाट, वर कोल्हापूरकडचा देश, म्हणजे बैलांच्या पाठीवरून उतरलेला माल थेट धक्क्यावर, आणि खाडीच्या तोंडाशी जैतापूर. मोठी जहाजं तिकडेच थांबायची, माल होड्यांत भरायचा आणि भरती धरून वर यायचं. वेळ चुकली तर पुढच्या भरतीपर्यंत चिखलात बसा!

आदिलशाहीत हे मोठं बंदर. मिरी, कापड असला माल, त्यामुळे 1650 च्या आसपास इंग्रजांनीही इथे वखार घातली. पुढचं सगळ्यांना माहितीये: 1660 ला पन्हाळ्याच्या वेढ्यात वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला गेला, वर इंग्रजी निशाण पण फडकवलं (व्यापाऱ्याला नसते उद्योग सांगितलेत कोणी), आणि 1661 मध्ये महाराजांनी राजापूर मारलं, वखार खणून काढली, रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार कैदेत. नुकसानभरपाईचं घोंगडं पार 1674 पर्यंत भिजत होतं, राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रज वकील ऑक्झेंडनसोबतच्या तहात 10 हजार होन ठरले तेव्हा कुठे कागदावर मिटलं.

आता लोक सर्रास म्हणतात की या स्वारीने बंदर बसलं. मला नाही पटत. त्यानंतरही व्यापार चालूच होता, 1713 ला आंग्र्यांकडे गेलं, 1756 ला पेशव्यांकडे, 1818 ला ईस्ट इंडिया कंपनीकडे, म्हणजे प्रत्येकाला ते हवंच होतं ना. इंग्रज काळातल्या गॅझेटियरमध्ये तर अरबांची गलबतं थेट येतात असं रत्नागिरी जिल्ह्यातलं हे एकच बंदर म्हणून नोंद आहे. पण त्याच नोंदीत पुढे लिहिलंय की जरा मोठं जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या 3 मैल अलीकडेच अडतं. वखारीच्या (1674 च्या तहानंतर ती पुन्हा घातली होती) भक्कम दगडी इमारतीत तोवर सरकारी कचेरी बसली होती, आणि तिचं आवार थेट खाडीपर्यंत उतरत होतं, नुसतं पाणी पुरेसं नव्हतं.

कारण साधं आहे. सह्याद्रीच्या उतारावरून पावसात माती धुवून येते, आणि जिथे ओढ्याचा जोर संपून भरतीचं पाणी आडवं येतं तिथेच ती खाली बसते. ती जागा म्हणजे नेमका राजापूरचा धक्का. ज्या आतल्या जागेने बंदर मोठं केलं तिनेच ते बुजवलं. मग मुंबईच्या आगबोटी जैतापूरलाच लागायच्या आणि राजापूरकर होडीने खाली जाऊन त्या पकडायचे. पुढे रस्ते झाले, एसटी आली, घाटावरचा माल ट्रकने जायला लागला, त्यावर काय बोलायचं.

अलीकडे गाळ उपसायचं काम झालंय ते पुरासाठी, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्यावरून कुणी परत बंदराच्या गप्पा मारत असेल तर त्याला आधी ओहोटीच्या वेळी पुलावर उभं करा.